जर-तरची कथा : नवशिक्याच्या हाती आलेला एक साहित्यप्रकार

मराठीत ‘जर-तरच्या गोष्टी’ हा शब्दप्रयोग बहुधा उपहासाने केला जातो. जे घडले नाही, पण घडू शकले असते, त्याची चर्चा निष्फळ होय, अशी त्यामागील भावना आहे. इतिहासकाराने तर ही भाषा वर्ज्यच मानावी असा संकेत आहे. परंतु गेल्या सहा दशकांत असा एक कथाप्रकार आकारास आला की, ज्याचा पाया, भिंती आणि छप्पर, सारे काही जर-तरचेच आहे. वाचकाने दार उघडले तर एक प्रसंग, न उघडले तर दुसरा. कंदील बरोबर घेतला असेल तर गुहेतील लेख वाचता येईल, नसेल तर अंधार. या प्रकारास ‘संवादी कथा’ असे नाव देता येईल. खेळ आणि कथा यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या या प्रकाराकडे साहित्यसमीक्षेने प्रारंभी दुर्लक्ष केले, पुढे काही काळ अवाजवी कौतुक केले, आणि दोन्ही वेळी एक गोष्ट तिच्या नजरेतून निसटली. ती ही की, या प्रकारातील पुष्कळसे लेखन प्रोग्रॅमिंगच्या दृष्टीने नवशिक्या असलेल्या माणसांनी केलेले आहे.

या कथाप्रकाराचा इतिहास बहुतेक ठिकाणी यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक साली संगणकाची स्मृती इतकी वाढली, तमुक साली पडद्यावर चित्रे आली, असा तो क्रम असतो. तो खोटा नाही. पण लेखणीच्या टाकांचे प्रकार सांगून कादंबरीचा इतिहास पुरा व्हावा, तितकाच तो पुरा आहे. प्रत्येक टप्प्यावर कोणाला लिहिता येऊ लागले, आणि त्यासाठी त्याला काय शिकावे लागले, हा खरा प्रश्न होय.

पूर्वसूरींचा शोध घेताना थोडे सावध राहावे लागते. बोर्हेस यांची दुभंगणाऱ्या वाटांच्या बागेची कथा 1941 सालची. परंतु तीत अशा ग्रंथाची कल्पना आहे, ती स्वतः मात्र एकाच वाटेने जाते. रेमों क्वनो यांनी 1967 साली खरोखरच वाचकाच्या निवडीवर चालणारी एक छोटी कथा लिहिली. आपल्याकडील वेताळपंचविशीचा उल्लेख या संदर्भात मोहक वाटतो. राजाला उत्तर ठाऊक असून तो गप्प राहिला तर मस्तक फुटणार, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाणार. आणि ज्या वेळी त्याला उत्तर सुचत नाही त्या वेळी हे चक्र थांबणार. प्रोग्रॅमरच्या परिभाषेत सांगायचे तर ही अटीवर चालणारी पुनरावृत्तीच होय. पण वेताळ प्रश्न विचारतो तो राजाला, श्रोत्याला नव्हे. श्रोत्याच्या हाती काहीही नाही. तेव्हा सर्व काही आपल्या पूर्वजांपाशी होतेच, या नेहमीच्या समाधानास येथे जागा नाही.

या प्रकाराच्या आरंभीची दोन माणसे अमेरिकेतील होती, दोघेही मुलींचे वडील होते, आणि दोघांनीही साहित्यसेवा करावी या हेतूने काही केलेले नाही. एडवर्ड पॅकर्ड हे वकील. मुलींना रात्री गोष्ट सांगताना पुढे काय घडावे असे ते त्यांनाच विचारीत, आणि त्यांतून 1969 साली त्यांनी ‘शुगरकेन आयलंड’ हे पुस्तक रचले. प्रकाशकांनी ते नाकारले. 1976 साली व्हरमाँटमधील एका लहान प्रकाशनसंस्थेने ते काढले, आणि 1979 पासून बॅन्टमच्या मालिकेने हा प्रकार घरोघर पोहोचविला. दुसरे विल क्राउदर. हे मात्र प्रोग्रॅमिंगमध्ये मुरलेले गृहस्थ होते. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत, जिथे इंटरनेटचे पूर्वरूप घडत होते तिथे, ते काम करीत. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या विशाल गुहासमूहाचे नकाशे करण्यात त्यांचा व त्यांच्या पत्नीचा सहभाग होता. विवाह मोडल्यानंतर, आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून, 1975-76 च्या सुमारास त्यांनी फोरट्रान भाषेत त्या गुहेचा एक शब्दमय खेळ रचला. खेळणाऱ्याने दोन शब्दांची आज्ञा टंकलिखित करावी, आणि यंत्राने पुढील स्थळाचे वर्णन करावे. त्यातून ‘अ‍ॅडव्हेंचर’ हे नाव, आणि पुढे एका संपूर्ण प्रकाराचे नाव, रूढ झाले.

या खेळाच्या संहितेची कथा पाठचिकित्सकांना विशेष रस वाटावा अशी आहे. स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांनी 1977 साली क्राउदर यांच्या अनुमतीने त्याचा विस्तार केला, आणि तीच आवृत्ती सर्वत्र पसरली. मूळ प्रत नाहीशी झाली असे समजले जाई. क्राउदर यांनी केवळ गुहेचे वास्तव वर्णन केले आणि जादू, बुटके, खजिना हे सारे वुड्स यांनी भरले, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली होती. 2005 साली वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतील खात्याच्या एका जतन केलेल्या नकलेत मूळ संहिता सापडली. डेनिस जर्झ यांनी ती तपासली, प्रत्यक्ष गुहेत जाऊन स्थळे पडताळली, आणि 2007 साली दाखवून दिले की अद्‌भुताचा अंश मूळ पाठातच होता. हस्तलिखितांच्या शाखा-उपशाखा लावणाऱ्या विद्वानांना ही पद्धत परकी वाटू नये. प्रक्षेप कोणता आणि मूळ कोणते, हा प्रश्न अवघ्या तीस वर्षांच्या ग्रंथासंबंधीही उपस्थित होऊ शकतो, एवढेच यातून नवे कळते.

परंतु क्राउदर आणि वुड्स यांच्यापाशी जी यंत्रे होती ती संस्थांच्या मालकीची होती. सामान्य मनुष्याच्या घरी संगणक आला तो सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस, आणि त्याबरोबर आली ‘बेसिक’ ही भाषा. ती 1964 साली डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी रचली होती, आणि विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा उघड हेतू होता. तिच्यातील प्रत्येक ओळीला क्रमांक असे, आणि अमुक ओळीकडे जा, अशी आज्ञा देता येई. पॅकर्ड यांच्या पुस्तकातील ‘अमुक पानाकडे वळा’ आणि बेसिकमधील ही आज्ञा यांचे साम्य एखाद्या बारा वर्षांच्या मुलाच्याही ध्यानात येण्याजोगे होते, आणि अनेकांच्या ते आलेही असावे. स्कॉट अ‍ॅडम्स यांनी 1978 साली ‘अ‍ॅडव्हेंचरलँड’ हा खेळ एका लहान घरगुती यंत्रात बसविला, आणि आपल्या दुसऱ्या एका खेळाची संपूर्ण संहिता 1980 साली ‘बाइट’ मासिकात छापून दिली. 1983 साली इंग्लंडच्या उसबोर्न प्रकाशनाने तर असे खेळ कसे लिहावेत, हे मुलांना शिकविणारे सचित्र पुस्तकच काढले. त्यातील झपाटलेल्या वाड्याचा खेळ ओळीमागून ओळ टंकलिखित करीत, स्वल्पविराम चुकला की तो शोधीत, मुले प्रोग्रॅमिंग शिकली. पूर्वी आपल्याकडे पोथी उतरवून घेताघेता अक्षर वळणावर येई आणि भाषाही मुरे, त्याच जातीचे हे शिक्षण होते.

तथापि संहिता उतरवून घेणे वेगळे आणि स्वतःची रचणे वेगळे. रॉबर्टा विल्यम्स यांचे उदाहरण येथे बोलके आहे. त्यांना कथा सुचत होती, चित्रे काढता येत होती. प्रोग्रॅम लिहिला तो त्यांच्या पतीने, केन यांनी. 1980 सालचे ‘मिस्टरी हाउस’ असे दोघांचे आहे. घरात प्रोग्रॅमर नसेल त्या लेखकाने काय करावे? या प्रश्नाचे पहिले ठळक उत्तर वेल्समधून आले. ग्रॅम येअंडल यांनी 1983 साली ‘द क्विल’ नावाचे साधन रचले आणि गिलसॉफ्टने ते विकावयास काढले. स्थळांची वर्णने, वस्तूंची यादी, शब्दांची यादी, आणि अमुक अट पूर्ण झाल्यास अमुक घडावे असे कोष्टक, एवढे भरले की खेळ तयार. ‘क्विल’ म्हणजे पिसाची लेखणी. हे नाव देणाऱ्याला काय साधावयाचे होते याविषयी संशय नको.

या लेखणीने लिहिणाऱ्यांत फर्गस मॅक्नील हा शाळकरी मुलगा होता. त्याने टॉल्किन यांच्या महाकथेचे विडंबन करणारा खेळ 1985 साली प्रसिद्ध केला, आणि तो लोकप्रिय झाला. पुढे हेच गृहस्थ गुन्हेकथांचे कादंबरीकार झाले. विडंबन हा नवशिक्याचा स्वाभाविक आश्रय आहे. आपला आवाज सापडेपर्यंत दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल करणे हा सर्वच लेखकांचा क्रम आहे. क्विलवर रचलेल्या शेकडो खेळांपैकी बहुसंख्य सुमार होते, यात शंका नाही. परंतु कोणत्याही भाषेत एका वर्षात प्रसिद्ध होणाऱ्या काव्यसंग्रहांविषयी यापेक्षा वेगळे काय म्हणता येईल?

विद्यापीठांचे लक्ष या प्रकाराकडे वेधले गेले ते दुसऱ्याच दाराने. 1987 साली मायकेल जॉइस यांनी ‘आफ्टरनून’ ही कथा सादर केली. ती पुढे 1990 साली ईस्टगेटने प्रकाशित केली. रॉबर्ट कूव्हर यांनी 1992 साली एका प्रसिद्ध वृत्तपत्रीय निबंधात ग्रंथाच्या अंताची चर्चा आरंभिली, आणि काही वर्षे दुव्यांनी जोडलेल्या कथेवर मोठे सैद्धांतिक लेखन झाले. जॉइस यांची रचना महत्त्वाची आहेच. परंतु त्या चर्चेत क्विलचा, बेसिकच्या मासिकांचा, झपाटलेल्या वाड्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. प्राध्यापकाने केली ती प्रयोगशीलता आणि शाळकरी मुलाने केला तो पोरखेळ, अशी वाटणी नकळत होऊन गेली. लोकवाङ्मयाच्या बाबतीत हीच चूक भारतीय समीक्षेने एके काळी केली आणि कष्टाने दुरुस्त केली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

मधल्या काळात धंदा म्हणून हा प्रकार फुलला आणि मावळला. एम. आय. टी.तील मंडळींनी 1979 साली स्थापन केलेली इन्फोकॉम ही संस्था दहा वर्षांत बंद पडली. बाजार संपला तेव्हा हौशी लेखक उरले. ग्रॅहम नेल्सन हे ऑक्सफर्डचे गणिती व कवी. त्यांनी 1993 साली ‘इन्फॉर्म’ ही भाषा विनामूल्य उपलब्ध करून दिली, आणि 2006 साली तिची सातवी आवृत्ती सर्वस्वी नव्या रूपात आणली. हिच्यात प्रोग्रॅम इंग्रजी वाक्यांनीच लिहिला जातो. स्वयंपाकघर ही एक खोली आहे, चूल स्वयंपाकघरात आहे, अशा अर्थाची साधी विधाने लेखकाने करावी आणि यंत्राने त्यांतून जग उभे करावे. याउलट ख्रिस क्लिमस यांनी 2009 साली आणलेले ‘ट्वाइन’ लेखकाला जवळजवळ काहीच शिकावयास लावीत नाही. पडद्यावर चौकटी असतात, एकेका चौकटीत एकेक परिच्छेद. एखाद्या शब्दाभोवती दुहेरी चौकोनी कंस घातला की त्या नावाची नवी चौकट जन्मास येते आणि बाणाने जोडली जाते. अ‍ॅना अँथ्रोपी यांनी 2012 साली आपल्या पुस्तकात अशा साधनांचा हिरीरीने पुरस्कार केला, आणि ज्यांना खेळांच्या धंद्यात कधी प्रवेश मिळाला नसता अशा पुष्कळांनी ट्वाइन हाती घेतले. पॉर्पेंटाइन यांचे ‘हाउलिंग डॉग्ज’ 2012 चेच. 2017 साली त्यांच्या रचना न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातील द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडल्या गेल्या. 2018 साली ‘बँडरस्नॅच’ या संवादी चित्रपटाची संहिता जुळविण्यासाठी चार्ली ब्रुकर यांच्यासारखा मुरलेला पटकथाकारही ट्वाइन शिकला, म्हणजे त्या अर्थाने नवशिकाच झाला.

नवशिक्याची पहिली इजा ठरलेली आहे. तो प्रत्येक वळणावर दोन वाटा ठेवतो आणि उत्साहाने पुढे जातो. दहा वळणांनंतर शेवट होतात 1,024, आणि एकूण परिच्छेद 2,047. प्रत्येकी शंभर शब्द धरले तरी दोन लाखांहून अधिक शब्द लिहावे लागतील, आणि वाचकाच्या नजरेस एका फेरीत त्यांतले अकराच परिच्छेद पडतील. मग तो वाटा पुन्हा एकत्र आणू लागतो. नदी पुलावरून ओलांडा की होडीतून, पलीकडचे गाव एकच. पण गाव एकच असेल तर निवडीला अर्थ काय राहिला? येथे त्याला प्रोग्रॅमिंगमधील पहिली खरी कल्पना भेटते. पुलावरून आलेल्याचे कपडे कोरडे, होडीतून आलेल्याचे भिजलेले. ही एक खूण यंत्राने ध्यानात ठेवली, आणि गावातल्या म्हातारीने भिजलेल्याला चुलीजवळ बसविले, की वाट एक होऊनही भूतकाळ दोन राहतात. प्रोग्रॅमर त्या खुणेला ‘व्हेरिएबल’ म्हणतात. साहित्याच्या अभ्यासकाने तिला कथेची स्मृती म्हणावे. छापील पुस्तकात ही स्मृती वाचकाच्या मनात असते. येथे ती संहितेतही असते, आणि सुईण-न्हाव्यापासून सर्व पात्रांना ती विचारता येते. हे ज्याला उमगले तो नवशिका राहत नाही, मग त्याला दुसरी एकही आज्ञा येत नसली तरी चालेल.

भारतीय भाषांत लिहू पाहणाऱ्यापुढे मात्र याआधीच एक दार उभे असते, आणि त्याचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शकांत सापडण्याचे कारण नाही. क्राउदर यांच्या खेळात आज्ञा दोन शब्दांची, आधी क्रियापद मग वस्तू, आणि शब्दाची पहिली पाच अक्षरेच काय ती यंत्र पाही. इंग्रजीला हे पुरते, कारण तिथे दिवा हा शब्द वाक्यात कोठेही आला तरी रूप बदलत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि ‘दिवा’ घेतला तरी ‘दिव्यात’ तेल घालावे लागते. सामान्यरूपांचा हा सारा पसारा यंत्राला शिकविल्यावाचून टंकलिखित आज्ञांची मराठी कथा उभी राहत नाही, आणि ते काम नवशिक्याचे नव्हे. दुव्यांवर चालणाऱ्या कथेत ही अडचण नाही. युनिकोडमुळे देवनागरी अक्षर कोणत्याही आधुनिक यंत्रावर उमटते, आणि ट्वाइनची चौकट मराठी परिच्छेद विनातक्रार स्वीकारते.

परंतु तिथे दुसरी अडचण येते, आणि ती अधिक खोल आहे. संवादी कथा वाचकाला द्वितीय पुरुषात संबोधिते. इंग्रजीतील त्या एका सर्वनामात लिंग नाही, वचन नाही, आदर-अनादर नाही. मराठी लेखकाला पहिल्याच वाक्यात तू, तुम्ही की आपण हे ठरवावे लागते. ‘तुम्ही’ने लिंगाचा प्रश्न बराचसा झाकला जातो, पण अंधाऱ्या गुहेत एकट्या उतरलेल्या मुलाला कोणी ‘तुम्ही’ म्हणू लागले तर भीती पळून जाते. ‘तू’ घेतला की ‘तू आत गेलास’ की ‘तू आत गेलीस’? वर्तमानकाळही सुटका करीत नाही. ‘जातोस’ आणि ‘जातेस’ तिथेही आहेत. भविष्यकाळात ‘तू जाशील’ हे दोघांना चालते. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळही उपयोगी पडतो; ‘तू दार उघडलेस’ यात क्रियापद दाराच्या लिंगाने चालते, उघडणाऱ्याच्या नव्हे. पण ‘विसरणे’, ‘शिकणे’ अशी काही क्रियापदे सकर्मक असूनही कर्त्याशी इमान राखतात. वाचकाने किल्ली उचलली तेव्हा गुप्त राहिलेली गोष्ट तो ती किल्ली विसरला की उघड होते. बंगाली किंवा तमिळ लेखकाला हा पेच पडत नाही, कारण त्या भाषांत द्वितीय पुरुषी क्रियापद लिंग सांगत नाही. हिंदी लेखकाला तो मराठीइतकाच पडतो. हिंदीतून बंगालीत आणि बंगालीतून मराठीत भाषांतर करणाऱ्यांना ही तफावत जुन्या ओळखीची आहे. कवितेच्या भाषांतरात ती एका ओळीपुरती असते, येथे ती प्रत्येक चौकटीत पुन्हा उभी राहते.

यावर उपाय आहेत आणि ते सगळे प्रोग्रॅमिंगमधूनच जातात. वाचकाला आरंभी स्त्री की पुरुष असे विचारून ती खूण ठेवावी, आणि पुढे प्रत्येक क्रियापदाचा शेवट त्या खुणेवर सोडावा, हा सरळ उपाय. तो बरोबर आहे. पण कथेच्या उंबरठ्यावर सरकारी अर्ज भरून घेतल्यासारखा वाटतो. याहून सुंदर वाट मराठीच्या प्रथम पुरुषात आहे. वर्णन द्वितीय पुरुषात ठेवून वाचकाने निवडावयाचे दुवे त्याच्याच तोंडी घालता येतात. ओसरीवर कंदील आहे, दार अर्धवट उघडे आहे, आणि खाली दोनच दुवे : ‘मी आत गेलो’ आणि ‘मी आत गेले’. दोन्ही दुवे एकाच चौकटीकडे जातात. वाचक त्यांतला एक दाबतो, त्याला कोणी काही विचारलेले नसते, आणि कथेला त्याच्याविषयीची पहिली गोष्ट ठाऊक झालेली असते.